खालची ओळ

बाबांचा हात वर जातो आणि मुलगी डोळे मिटते. हात केसांवर टेकला की उघडते. मधे जेमतेम अर्धा सेकंद. मग ती हसते, आणि बघणाऱ्याला ते हसूच लक्षात राहतं.

क्लिप आईनेच घरी घेतली होती. असे छोटे व्हिडिओ घेऊन ते वेबसाइटवर विकायला ठेवायचे, हे तिचं काम. या क्लिपखाली तिने शब्द लिहिले होते: वडील, मुलगी, माया, सकाळ. गादीवाल्यांनी ती जाहिरातीसाठी घेतली, एका बँकेने घेतली. नवरा ती पाहुण्यांना दाखवायचा. "चेहरा माझा, नाव हिचं," म्हणायचा. पाहुणे हसायचे.

आज फोनवर एका माहितीपटाच्या संकलक बाई होत्या. नवऱ्याने फोन स्पीकरवर टाकायला लावला आणि तो तिच्या खुर्चीमागे उभा राहिला. मुलगी टेबलापलीकडे चित्र रंगवत होती.

"माहितीपट आहे. घरात मार खाणाऱ्या मुलांवर," बाई म्हणाल्या. "असल्या विषयाला क्लिप वापरायचा तुमचा नेहमीचा परवाना चालत नाही. म्हणून म्हटलं, विचारूनच घ्यावं."

नवऱ्याला गंमत वाटली. तो फोनवर वाकला. "घ्या की! मी काय, राक्षसाचंही काम करीन."

"अय्या, तुम्हीच का ते वडील? छान. पण खरी कमाल मुलीची हं. तुमचा हात वर जातो आणि ती डोळे मिटते. किती क्लिप पालथ्या घातल्या, हे कुठेच नव्हतं. कसं हो करून घेतलंत तिच्याकडून?"

मुलीचा खडू कागदावर थांबला.

"शिकवावं लागतं," नवरा म्हणाला. "रोज थोडं थोडं."

बाई मनापासून हसल्या. त्याचा हात बायकोच्या मानेवर आला. त्याचा आवाज गोडच होता. बोटं रुतत होती.

"तर दोन परवाने आहेत," बाई सांगू लागल्या. "अभिनय असेल तर पहिला. त्यात पडद्यावर खाली ओळ येते, की दृश्यातली माणसं अभिनय करत आहेत. खरंच घडलेलं असेल तर दुसरा. त्यात ओळ नसते. तुमचा अर्थात पहिलाच. पण क्लिप ताईंची, तेव्हा त्यांनीच तोंडाने सांगायला हवं. मी रेकॉर्ड करतेय."

आईने मुलीकडे पाहिलं.

"सांग की गं," नवरा म्हणाला. "तोंड शिवलंय का?"

घड्याळ बघायला त्याने दुसरा हात वर केला. टेबलापलीकडे मुलीने डोळे मिटले.

या वेळी कॅमेरा सुरू नव्हता.

"दुसरा," आई म्हणाली. "खाली ओळ घालू नका."