जुन्या पिकअपच्या कॉइल

नाताळानंतर मार्ला आज पहिल्यांदाच माहेरी आली. डेन्व्हरहून पाच तास गाडी हाकत ती नेब्रास्कातल्या शेतावर पोचली, तेव्हा मका गुडघ्याला लागला होता आणि तिचा बाप लुमीर पिकअपचं बॉनेट उघडून तिची वाट पाहत होता.

"मागवल्यातच ना शेवटी जास्त ताकदीच्या कॉइल?" ती वडिलांवर करवादली. "फोनवर किती समजावलं, डॅड! तेवीस वर्षांच्या इंजिनाला त्यानं काडीचा फरक पडत नाही. जुन्या अजून प्लगना छान ठिणगी देतायत."

"आधी बाह्या वर कर," म्हणत त्यानं तिच्या हातात विजेरी दिली.

नऊ वर्षांची असताना दुधाच्या क्रेटवर उभी राहून ती अशीच विजेरी धरायची. तो एकेका भागावर बोट ठेवून "हा काय काम करतो?" असं विचारायचा आणि तिला सुचेपर्यंत थांबायचा. स्वतः कधी सांगायचा नाही.

तिनं खोकं उघडलं. आत एकच कॉइल होती.

"बाकीच्या सात कुठायत?"

"दुकानदाराला सांगितलंय, महिन्याला एक पाठव."

"अहो, आठही बदलायला तासभर पुरतो!"

"ठाऊक आहे. मीच शिकवलंय तुला."

मार्लानं बोटांवर महिने मोजले.

"आठ महिन्यांत संपतील की, डॅड. मग?"

लुमीरनं बॉनेटखाली मान घातली.

"मग प्लग आहेत, पोरी. तेही आठ."