काड्यापेटीतली पत्ती

"तुला काय, कुणालाच पटायचं नाही हे," ओरेस्ट दिदो म्हणाले आणि त्यांनी बस गावाबाहेर काढली. "पण त्या दिवशी तिन्ही परीक्षक रडले."

"गेल्या वर्षी सांगितलंत तेव्हा दोनच रडले होते," मागच्या सीटवरून डॅनिका म्हणाली.

"तिसरा उशिरा रडला. बहिरा होता."

एरवी डॅनिका हसली असती. दिदो शाळेची बस चालवायचे आणि चालवता चालवता थापा मारायचे. दिदो म्हणजे आजोबा. ते खरे कुणाचेच आजोबा नव्हते, म्हणून अख्ख्या शाळेचे झाले होते. बँडच्या स्पर्धेला जाताना त्यांच्या मागची सीट मिळवायला पोरं भांडायची. आज ती त्यांनी स्वतःच डॅनिकासाठी राखली होती, कारण बसच्या दाराशी काय झालं ते त्यांना आरशात दिसलं होतं.

टॉलिव्हर सर दाराशी पेपरमिंटचा रिकामा डबा घेऊन उभे होते. पंचवीस वादक नसतील तर बँडला स्पर्धेत घेत नाहीत, आणि या गहू पिकवणाऱ्या गावातून वाद्य धरू शकणारी मुलं मिळतात मोजून पंचवीस. म्हणजे कच्च्यांनाही न्यावंच लागतं. न्यायचं, पण वाजवू द्यायचं नाही. क्लॅरिनेटच्या तोंडाशी वेताची एक पातळ पत्ती बसवतात. ती काढून घेतली की कितीही फुंका, नुसता वारा. सरांनी डॅनिकाची पत्ती काढून डब्यात टाकली. महिनाभर वाजवून तिचं टोक चहात बुडवल्यासारखं काळपट झालं होतं. पत्ती एकदा तोंडाला लागली की टोक डागाळतं आणि मग जन्मात उजळत नाही.

"बोटं हलव, गाल फुगव," सर हळूच म्हणाले होते. "माझा राग नाही तुझ्यावर. मधल्या संथ भागात तू चिरकतेस, बाळ."

चिरकायची, हे खरं. पण गेल्या आठवड्यात धान्याच्या कोठीत उभं राहून तिने तो भाग अकरा वेळा न चिरकता वाजवला होता. ऐकायला फक्त गहू होता. आणि आज आई येणार होती. आई शहरात इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला होती, महिन्यातून एकदा घरी यायची. डॅनिकाने तिला फोनवर सांगून ठेवलं होतं, संथ भागात फक्त आम्ही क्लॅरिनेटवाले असतो, तू डोळे मिटून ऐक, मी तुला कळेन.

दिदोंची गोष्ट तोवर थंडीत शिरली होती. त्या वर्षी म्हणे इतकं गारठलं होतं की ट्युबावाल्या पोराचे ओठ वाद्याला चिकटले, ते पिरोगीवरचं, म्हणजे उकडलेल्या करंज्यांवरचं, गरम लोणी ओतून सोडवावे लागले. दिदो तेव्हा चौदा वर्षांचे, पंचवीस जणांतले पंचविसावे. त्यांच्या मास्तरांनीही दाराशी अशीच पत्ती काढून घेतली होती. पण दिदो काही कच्चे नव्हते. शेतात बिळं करून पीक खाणारे गोफर मारून, शेपटीमागे मिळणाऱ्या इनामातून त्यांनी एक नवी पत्ती आणली होती आणि टोपीच्या अस्तरात लपवली होती.

सांगताना त्यांची बोटं स्टिअरिंगवर हलत होती, क्लॅरिनेटच्या भोकांवर हलतात तशी. डॅनिकाने ओळखलं, संथ भागच होता तो. शाळा इतकी वर्षं तीच धून वाजवत आली होती.

आणि नेमक्या त्या भागाला, दिदो म्हणाले, बँडमधली एकुलती एक चांगली क्लॅरिनेटवाली, ऑल्गा, तिची पत्ती थंडीने तडकली. सभागृहात चिडीचूप. मास्तरांची काठी हवेत तशीच. बाहेर बांधलेल्या घोड्याने चघळणं थांबवलं.

"मग?" डॅनिकाने विचारलं. तिला विचारायचं नव्हतं.

"मग मी टोपीत हात घातला."

आठ ओळी त्यांनी एकट्याने वाजवल्या. बाकी चोवीस जण बघत राहिले. दिदोंची आई शेवटच्या रांगेत होती, तिने डोक्याचा रुमाल सोडला आणि त्यात तोंड लपवलं. हे सांगताना त्यांनी घोड्याचं नाव काढलं नाही, परीक्षक वाढवले नाहीत.

"चिरकला नाहीत?"

"एकदा. परीक्षकांना वाटलं, ते तसंच लिहिलंय."

आता मात्र डॅनिका हसली.

सभागृहापाशी बस थांबली. सर डबा बगलेत धरून पोरं मोजत उतरले, त्यांच्यामागे पोरं उतरली. डॅनिका उठली तसं दिदोंनी हाताने तिला थांबवलं, समोरच्या काचेवरच्या, ऊन अडवणाऱ्या झडपेमागून एक जुनी काड्यापेटी काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

"तीच ही. त्या दिवसानंतर कुणाला हात लावू दिला नाही. पंचावन्न वर्षं झाली. डबा सरांकडे असू दे, तोंड तुझ्याकडे आहे. लाव आणि वाजव, मी वाजवली तशी."

पेटीत कापूस होता, कापसावर पत्ती. पिवळीधमक, कापणीच्या दिवसांतल्या गव्हाच्या काडीसारखी, टोकापासून बुडापर्यंत एकसारखी. डॅनिकाने ती खिडकीच्या उजेडात धरली. मग दिदोंकडे पाहिलं. ते समोरच्या काचेतून बाहेर बघत होते. इंजिन बंद होतं, तरी बोटं स्टिअरिंगवर आवाज न करता चालूच होती.

तिने पत्ती भिजवायला जिभेवर ठेवली. जरा वेळाने काढली.

"दिदो," ती म्हणाली, "ही आजच्याआधी कधी ओली झालेलीच नाही."