अंबुजाबाईंची बडबड

"आज एक अक्षर बोलायचं नाही," स्टिअरिंगवर हात ठेवत पांडुरंगरावांनी मागे बसलेल्या बायकोला बजावलं. "ही गाडी स्वतः बघते. तुझी कटकट मिटली!"

अंबुजाबाईंनी ओठ मिटले. एरवी कुंभकोणमच्या गल्ल्यांतून जाताना त्यांचं चालूच असे: डावीकडे सायकल, पुढे बस, अहो, म्हैस! शनिवारचं दोन तासांचं भजन करून आली तरी हिचा घसा काही बसत नाही, असं म्हणत पांडुरंगराव वैतागून शोरूममध्ये आले होते.

"गाडी बघते, तुम्ही निवांत बसा," असं तिथल्या फलकावर लिहिलं होतं. आता गाडी चालवून बघताना शेजारी बसलेली विक्रेती नंदिता त्यांच्याच मराठी मंडळींतली. तिनंही मघाशी तेच पाठ केलेलं वाक्य म्हटलं होतं.

स्वामीमलैच्या रस्त्यावर लोकांनी नेहमीप्रमाणे भात वाळत घातलं होतं. रस्त्यावरचा पांढरा पट्टा त्याखाली गडप. एक म्हातारी पायानं दाणे परतत चालली होती. गाडी सरळ तिच्या रोखानं निघाली, आणि पांडुरंगराव खुशाल. नंदिता मोबाइलमध्ये बघत होती.

"थांबा! माणूस आहे!" अंबुजाबाई किंचाळल्या.

पांडुरंगरावांनी करकचून ब्रेक दाबला. म्हातारी जेमतेम दोन हातांच्या अंतरावर उभी. तिनं तमिळमध्ये सगळ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि बरोबरच केलं.

"गाडी कशी काहीच बोलली नाही?" पांडुरंगरावांनी नंदिताला विचारलं.

नंदिताचा चेहरा उतरला. गेली नोकरी तर गेली. "मामा, तो फलक खोटा आहे. ही नुसती मदत करते, तीही जमेल तिथं. बघायचं माणसानंच. मी आधीच सांगायला हवं होतं."

"मला ती दिसलीच नाही गं," पांडुरंगराव पुटपुटले.

"ठाऊक आहे. दोन वर्षं झाली," अंबुजाबाई म्हणाल्या. "म्हणून तर बडबडते."

पांडुरंगराव खाली उतरले. लाज वाटली, आणि का कोण जाणे, हलकंही वाटलं. तेवढ्यात अंबुजाबाईंनी पर्समधून लायसन्स काढून नंदिताच्या हाती दिलं. शनिवारी भजन कसलं, ड्रायव्हिंग क्लास होता! आता त्या पुढे बसल्या, पांडुरंगराव मागे. त्यांनी भाताच्या कडेनं गाडी अलगद वळवली.

दहा मिनिटं झाली. गाडीत चिडीचूप.

"अगं, बोल ना काहीतरी," मागून पांडुरंगराव म्हणाले.

"आता कशाला? मला दिसतंय की!"