शेवटचा हिरवा चौकोन

आईशपथ सांगते, शबुद न् शबुद खरा हाय. एक जरी खोटा निघाला तर माझी कवळी भाकरीत रुतून बसू दे!

उंब्रजच्या अलीकडं एका शाळंत नकाशाचा तास चालला व्हता. कागदावरचा न्हवं, कंपूटरातला. धनाजी सर पोरांस्नी सांगत व्हते, "ही कला हातात बसवा. उद्या फॉरेस्टात न्हाईतर कारखान्यात खुर्चीवर बसून नोकरी करशिला."

नववीतल्या प्रांजलनं बिबट्याच्या ठशांचा नकाशा केलता. म्हैनाभर जिथं ठसा गावंल तिथं उभं ऱ्हायचं, मोबाईलवर खूण करायची, तारीख घालायची. की कंपूटरात लाल ठिपका पडायचा. एकेक ठसा परातीएवढा!

"मांजराचं आसतील," मागच्या बाकावरचा जयराज हसला. "हिच्याकडची मांजरं ऊस खात्यात."

"आता ह्यावर ऊसतोडीचा नकाशा चढव," सर म्हनाले. "तुटल्याला ऊस पिवळा. उभा आसंल त्यो हिरवा."

प्रांजलनं चढवला. तारखंपरमानं ठिपके जोडत गेली. फड तुटला, की रेघ पुढच्या उभ्या उसात. त्यो तुटला, की त्याच्या पुढच्या. वाघरू गाव सोडून गेलंच न्हवतं. नुसतं सरकत आलतं.

शेवटाला सगळा पडदा पिवळा झाला. एकच चौकोन हिरवा ऱ्हायला. नानासोचं रान.

"शाब्बास! बघा रं, ह्याला म्हनत्यात..." सरांचं बोलनं तिथंच थांबलं. प्रांजलचं तोंड पांढरं पडलं व्हतं.

"सर, आई सकाळधरनं तिथंच गेलीया. गवताला."

जयराजचं दात उघडंच ऱ्हायलं.

"आगं मग फोन लाव की तिला!"

प्रांजलनं हातातल्या मोबाईलकडं बघितलं.

"सर, ह्यो आईचाच हाय."

सरांनी गाडी काढली. पांदीत चाक रुतलं, तशी प्रांजल उडी टाकून पळत सुटली. दोन्ही अंगाला तुटल्याली मोकळी रानं, मधी ऊस एकटा, दोन पुरुष उंच. वारं पडल्यालं. पाखरू सुदीक बोलत न्हवतं.

"आये!"

बांधावर इळा पडला व्हता. एक चप्पल.

"आये गं!"

उसाच्या सरीतनं तिची आई स्वप्नाली भाईर आली. डोक्यावर गवताचा भारा, एक पाय अनवानी. जत्रंत चालावं तशी हळू.

"काय गं, शाळा सुटली व्हय?"

"आये, त्यो तिथं..."

"चल घरला. तू म्होरं चाल. पळू नगंस, पडशील." तिनं पोरीचं मनगट धरलं. बोटं पार हाडापतुर रुतली. चप्पल उचलली न्हाई, इळा उचलला न्हाई, एकदाबी मागं वळून बघितलं न्हाई. मायलेकी सावकाश पांदीला लागल्या.

आता शपथ घेतलीया तर सांगून टाकते. ठसा परातीएवढाच व्हता, त्यात बदल न्हाई. पर स्वप्नालीनं मागं बघितलं न्हाई, ही माझी भर.

उसातनं भाईर पडायच्या आदी एकदा मागं बघितलं व्हतं तिनं. म्हनून तर पळाली न्हाई.