हमी
चौऱ्याहत्तर साली वडीगोद्रीच्या पोस्टात कीर्तनकार जगन्नाथबुवांपुढं मुलगा मार्तंड याचा कॅनडात शिकण्याच्या परवान्याचा अर्ज होता. आजचं टपाल चुकलं की वर्ष गेलं. मार्तंडनं इंग्रजी ओळ मराठीत सांगितली: "शिक्षण संपताच माझा मुलगा मायदेशी परतेल, ही माझी हमी." बुवांनी पेन उचललं, पण टेकवलं नाही. "कीर्तनात तर थांबत न्हाई तुमी, सहीला का अडून राह्यले? थैली बांधून राह्यलो, जल्दी करा," पोस्टमास्तर म्हणाले. "मार्तंडा, येशील ना रे परत?" बुवांनी विचारलं. मुलगा खाली बघत म्हणाला, "सांगता येत न्हाई, अण्णा. तुमच्यासमोर खोटं कसं बोलू?" बुवांचे डोळे भरले. खोटं बोलू नये, हेच ते तीस वर्षं कीर्तनातून गावाला सांगत आले होते. त्यांनी सही केली, पाकीट स्वतः चिकटवलं अन् पोस्टमास्तरांना दिलं. "देवळात निरोप द्या, आज कीर्तनाला दुसरं कुणी उभं करा."