पांढुरकं कडं

पहिल्याच नळीत थेंब जोरात पडला आणि थर मोडला. खाली पाण्यासारखं नितळ पण जड द्रावण, वर हाडांतली लाल मज्जा. मधली रेघ पुसून सगळं गुलाबी झालं. शेदलीनं नळी बाजूला ठेवली. आता तिच्यातून फारसं काही हाती लागणार नव्हतं. उरल्या पंधरा.

पेशी वेगळ्या करणारं नवं यंत्र सकाळीच बंद पडलं होतं. हातानं थर लावणारा सफाक्स शहरातल्या या इस्पितळात शेदली एकटाच उरला होता, म्हणून त्याला भांडारातल्या कामावरून बोलावून आणलं होतं. वरच्या मजल्यावर आठ वर्षांची सलीहा पडून होती. तिची स्वतःची मज्जा औषधांनी जाळून झाली होती. भावाची मज्जा जुळली, पण रक्तगट वेगळा. लाल पेशी काढल्याशिवाय ती तिला देता येत नव्हती. आणि पोराच्या हाडांतून आणखी काढण्यासारखं काही नव्हतं.

"काका, हात बघा तुमचा," डॉक्टर बस्मा म्हणाली.

"विसावा रोजा आहे. सिगारेट नाही, साखर नाही. हातानं तरी काय करायचं?"

"गोड चहा घ्या."

"रोजा सुटायच्या तोफेला दोन तास आहेत. तेवढी कळ काढतो."

"मज्जा काढेल का तेवढी कळ?"

शेदलीनं कोपर टेबलावर रोवलं, डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, नळी तिरपी केली. तिसऱ्या थेंबाला बोट उडालं. त्यानं वेळेवर हात मागं घेतला. उठला, खिडकीशी गेला, परत आला, बसला, पुन्हा उठला. दाराच्या काचेपलीकडं मन्सूफ दिसत होता, सलीहाचा बाप. करकेन्नाच्या बेटावरचा कोळी. तोही दुपारपासून व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत होता.

"कर बाई चहा," शेदली म्हणाला. "चार चमचे साखर घाल."

तो दाराकडं पाठ करून प्यायला. वळला तेव्हा मन्सूफ काचेला नाक लावून उभा होता. शेदलीनं जाऊन दार फटभर उघडलं.

"दिवसाढवळ्या, उस्ताद?" मन्सूफ हळूच म्हणाला.

"पाप माझं, पोरगी तुझी. बोल, उरलेला चहा ओतून देऊ?"

मन्सूफनं मान खाली घातली. शेदलीनं दार लावलं.

दहा मिनिटांनी हात जाग्यावर आला. थेंब काचेवरून घसरत उतरू लागले. एकेक करत पंधरा नळ्या झाल्या, पंधराही रेघा शाबूत राहिल्या. नळ्या फिरकीच्या जुन्या यंत्रात फिरायला लागल्या आणि त्याची बेचैनी पुन्हा सुरू झाली. अर्ध्या तासानं वेग उतरायला लागला, तशी बस्मानं घाईनं थांबवायच्या बटणाकडं बोट नेलं.

"हात नको लावू! ब्रेक लागला की थर ढवळतात. थांबेल त्याच्या मनानं."

यंत्र घुमत राहिलं. शहरावर तोफ झाली. खाली ताटल्यांचा आवाज सुरू झाला, कुणीतरी बस्माला हाक मारली. ती गेली नाही. बाहेर मन्सूफच्या तळहातावर खजूर होता, तोंडाशी नेलेला नव्हता.

घुमणं थांबलं. शेदलीनं एक नळी उचलली, दार उघडलं आणि व्हरांड्याच्या दिव्यासमोर धरली. तळाशी लाल, वर पिवळं. मधे, दुधात बोट बुडवून ओढावं तसं एक पांढुरकं कडं.

"यात माझी पोरगी कुठंय?"

शेदलीनं नखानं दाखवलं.

"एवढीशीच?"

"एवढीच असते."

मन्सूफ नळीकडं बघत राहिला. मग त्यानं वाकून पायातल्या चपला काढल्या, हातात घेतल्या आणि फरशी हलून कडं मोडू नये असा अनवाणी मागं सरकला.