फरशीखालची जमीन

महिनाभर डोंगरातल्या आजीकडे राहून कोचाबांबा शहरात परतलेल्या चार वर्षांच्या नायरापुढे तिच्या इथल्या आजीने, दोन्या ऑर्तेन्सियांनी, मक्याच्या गरम पेजेचा प्याला ठेवला. नातीने पहिला घोट चकचकीत फरशीवर ओतला.

"हे त्या आजीनं शिकवलं ना?"

"हो. जमीन सगळ्यांची आई असते. तिला आधी पाजायचं."

"ते तिकडे, डोंगरात. आमच्या घरात फरशी आहे, बाईसाहेब."

"म्हणून तर. इथली जमीन खाली अडकलीय. तिला कुणीच देत नाही."

दोन्या ऑर्तेन्सियांनी ओघळ पुसायला घेतलेलं फडकं बाजूला ठेवलं.

"तुझी ती आजी किती ओतते गं?"

"एकच घोट."

दोन्या ऑर्तेन्सियांनी आपला भरलेला प्याला उचलला आणि अख्खा फरशीवर उपडा केला.